दसऱ्याआधी तुम्ही मनोरला जायचात

अहो,

गेल्या रविवारी चर्चमध्ये तुमच्या स्मरणासाठी खास उपासना ठेवली होती. आपल्या आशाला नाशिकच्या इस्पितळातल्या नोकरीतून रजा मिळेपर्यंत थांबलो, म्हणून दोन महिने उशीर झाला. पाळकसाहेब मनापासून बोलले. पण बोलण्याच्या भरात म्हणाले, "साळवेंसारखा निष्कलंक माणूस मी पाहिला नाही. त्यांच्या हातून कधी कुणाचं वाईट झालं नाही." मी पहिल्या बाकावर होते. आशानं माझा हात घट्ट धरला, तिला वाटलं मला रडू येतंय. मला तर हसू येत होतं. तुम्ही तिथे असतात तर खाकरत उठला असतात आणि म्हणाला असतात, "पाळकसाहेब, माफ करा, हे बरोबर नाही." पाळकसाहेब नवीन आहेत, त्यांना काय माहीत! पण मंडळीतली जुनी माणसंही माना डोलवत होती.

घरी येऊन तुम्हाला हेच लिहायला बसले होते. चार ओळी झाल्या आणि कागद ठेवून दिला. काल एक गोष्ट घडली, म्हणून तो परत काढलाय. पण ती लगेच नाही सांगत. तुम्हाला सगळं पहिल्यापासून ऐकायची सवय, आणि मलाही आता घाई कसली?

आपण नगरहून बोईसरला आलो तेव्हा आशा पोटात होती. एक ट्रंक, एक वळकटी आणि तुमची ती बाजाची पेटी, जिचे दोन सूर लागायचेच नाहीत. तुम्ही म्हणायचात, "मलाही दोन सूर लागत नाहीत, आमचं जमतं." एमआयडीसी तेव्हा नवी होती. रस्ते आखलेले, दिवे नसलेले, मध्येच कंपनीची भिंत आणि भिंतीला लागून भाताचं शेत. तुमची रंगांची कंपनी. संध्याकाळी घरी यायचात तेव्हा नखं कधी निळी, कधी लाल. आशा नंतर बोलायला लागली तेव्हा विचारायची, "बाबा आज कुठला रंग?"

मासे कसे घ्यायचे ते आपल्याला काही कळत नव्हतं. सातपाटीहून टोपली घेऊन यायची ती हिराबाई. तुम्ही तिला पहिल्याच दिवशी विचारलंत, "याला काटे फार असतात का हो?" तिनं तुमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "माशाला काटं नाय तं काय फुलं असतील?" त्यानंतर कितीतरी महिने ती तुम्हाला "फुलवाले दादा" म्हणायची. मला मनातून फार बरं वाटायचं. परक्या मुलखात कुणीतरी नाव ठेवलं म्हणजे माणूस तिथला झाला.

आपल्या लोकांची सात-आठ घरं होती. रविवारची उपासना आळीपाळीनं एकेकाच्या क्वार्टरमध्ये व्हायची. नाताळला तुम्ही बांबूच्या कामट्यांचा तारा करायचात, पतंगाचा कागद लावून. एका वर्षी तारा इतका मोठा झाला की दारातून बाहेरच निघेना. तुम्ही तो परत सोडवलात आणि बाहेर बसून पुन्हा बांधलात. शेजारचे सांगलीचे पाटीलभाऊजी हसून हसून दमले, आणि मग स्वतःच डिंक घेऊन तुमच्या शेजारी बसले. ती सहा-सात वर्षं मी आजही एकेक काढून बघते. अशी सोपी वर्षं आपल्याला पुन्हा मिळाली नाहीत.

मग ती सकाळ आली. दसऱ्याला आठवडा होता.

कंपनीतली रंगाची टाकी धुवायची होती. धुवायला उतरणारा काशिनाथ, मनोरच्या पलीकडच्या गावातला, कंत्राटदाराचा माणूस. तुम्ही त्या पाळीचे सुपरवायझर. टाकीत माणूस उतरवण्याआधी आतला गॅस निघून जावा म्हणून तासभर हवा सोडायची, मग आतली हवा तपासायची आणि परवानगीच्या चिठ्ठीवर सही करायची, असा नियम होता. मॅनेजरसाहेब दोनदा येऊन गेले, "साळवे, अजून टाकी मोकळी नाही?" तुम्ही वीस मिनिटं हवा सोडली. तपासली नाही. सही केली. काशिनाथ शिडीनं खाली उतरला, आणि त्याचं गाणं ऐकू येत होतं ते थांबलं. हे तुम्हीच मला सांगितलंत, एकदाच. तोंडाला ओला रुमाल बांधून तुम्ही उतरलात, त्याला दोरानं बांधून वर दिलंत. तो गेलेलाच होता. तुम्हाला दोन दिवस कंपनीच्या दवाखान्यात ठेवलं. तुमचा खोकला तेव्हापासूनचा.

दवाखान्यातून सुटलात त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "आत पाना पडला होता, तो काढायला तो आपणहून उतरला. तुम्हाला कल्पना नव्हती. एवढंच कारखान्याच्या इन्स्पेक्टरला लिहून द्या." आणि तुमच्या सहीची ती परवानगीची चिठ्ठी तुमच्या हातात ठेवली. "हा कागद माझ्या टेबलावर नको. तुमचं तुम्ही बघा."

तुम्ही तो घरी आणलात आणि स्टोव्हशेजारच्या फळीवर ठेवलात. तीन दिवस तो तिथे होता. तीन दिवस आपण त्याच्याकडे न बघता जेवलो.

"ही माझी सही आहे, रत्ना," तुम्ही म्हणालात.

"साहेब घाई करत होते म्हणून केलीत ना?"

"घाई त्यांची होती. सही माझी आहे."

मी सगळं बोलून पाहिलं. आशा पहिलीत आहे. क्वार्टर कंपनीचं आहे. खटला होईल, तुरुंगात जाल. शेवटी म्हणाले, "कबूल करायचं असेल तर देवापुढे करा! इन्स्पेक्टर काय देव आहे?"

"देवापुढे केलं," तुम्ही म्हणालात. "त्यानंच इन्स्पेक्टरकडे पाठवलंय."

"आणि मग आमचं काय होईल?"

 तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. नीट वागणं तेवढं माझ्या हातात दिलंय. तेसुद्धा मी एकदा चुकलो. पुढचं काय व्हायचं ते त्याचं. ते मी हातात घ्यायला लागलो की परत खोटी सही करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी ती चिठ्ठी स्टोव्हवर धरली. एवढासा कागद, जळायला वेळ लागला नाही. तुम्ही बाहेर आलात. मी लपवलं नाही, सरळ सांगितलं, "जाळली." तुम्ही फळीकडे बघितलंत. मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही आरशासमोर उभे राहून भांग पाडलात आणि म्हणालात, "कागद गेला. तोंड आहे ना."

आणि इन्स्पेक्टरकडे गेलात.

त्यानंतर जे झालं त्याचा मला आजही राग आहे, ते लपवून काय उपयोग? तुम्ही खरं सांगितलंत आणि कंपनीनं तेच उचललं. बघा, साळवे स्वतः कबूल करतायत, सगळी चूक त्यांची. वीस मिनिटांत टाकी मोकळी मागणारे साहेब त्याच खुर्चीवर बसून राहिले. तुमची नोकरी गेली, क्वार्टर गेलं. पालघरच्या कोर्टात दीड वर्ष तारखा झाल्या. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोर्टातल्या बाकावर बसून होतात, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मी डबा घेऊन आले. तुम्ही शिपायाला विचारलंत, "शिक्षा चालू असताना जेवलं तर चालतं का?" तो बिचारा गोंधळला. मी हसले, आणि हसताना रडायलाच लागले.

एक मात्र झालं. काशिनाथ परवानगीनं, कामासाठी उतरला होता हे सिद्ध झालं, म्हणून त्याच्या बायकोला, चांगुणाला, भरपाई मिळाली. पण ती देताना तिला एवढंच सांगितलं गेलं, की तुझा नवरा साळवेमुळे मेला.

आशाला इंग्रजी शाळेतून काढून मराठी शाळेत घातलं. पालघरला एक खोली घेतली. मी बालवाडीत शिकवायला लागले. तुम्हाला आठ महिने कुणी कामावर घेईना. मग हिराबाईनंच सातपाटीच्या बर्फाच्या कारखान्यात शब्द टाकला. "फुलवाल्या दादाला मशीन कलतं," म्हणाली. बोटींना बर्फ देणारा तो कारखाना तुम्ही सोळा वर्षं सांभाळलात. भरतीला बोटी आल्या की सगळ्यांना एकदम बर्फ हवा असायचा, नाखवे आरडाओरडा करायचे, आणि तुम्ही शांतपणे आधी अमोनियाच्या दाबाचं गेज बघायचात, मग वॉल्व्ह उघडायचात. एकदा मी तिथे असताना एक जण ओरडला, "दादा, मासली सडंल माजी!" तुम्ही म्हणालात, "सडू दे. माणूस सडायला नको." तुमच्या नव्या कारखान्यात कुणालाही गॅस लागला नाही, हे मी पाळकसाहेबांना सांगायला हवं होतं.

आपलं मोठं भांडण मात्र सुरूच राहिलं. आठवतं, एका सकाळी रॉकेल संपलेलं, आशाला ताप, घरमालक दारात. तो गेल्यावर मी तुमच्यावर उसळले. "परिणाम देवाच्या हातात, परिणाम देवाच्या हातात म्हणता ना? तो परिणाम रोज उठून माझ्या चुलीपाशी येऊन बसतो!" तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "मग त्यालाही चहा दे." मी हातातलं भांडं आपटलं. दोन दिवस बोलले नाही. आता ते आठवून एकटीच हसते. पण ऐका, तेव्हा माझंही बरोबर होतं. विश्वास तुमचा होता आणि तोशीस सगळ्यांना होती. आशा कधी बोलली नाही, पण तिनंही सोसलं. तुम्ही हे मान्य केलंत का कधी? एकदा केलंत, मला वाटतं. आशाला नर्सिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "माझ्या चुकीची किंमत हिनं दिली." त्याआधी तुम्ही आभाराची प्रार्थना सुरू केली होती, तीसुद्धा तुम्हाला पुरी करता आली नव्हती.

आणि दरवर्षी दसऱ्याआधी तुम्ही मनोरला जायचात. पहाटेची पहिली एसटी, मनोरला उतरून दीड तास पायी. पाचव्या वर्षी मी हट्टानं बरोबर आले. भात पिवळा पडायला लागला होता. कुडाचं घर, भोवती काट्याचं कुंपण. अंगणात चांगुणा सुपात नाचणी पाखडत होती. तुम्ही कुंपणाबाहेर चपला काढून उभे राहिलात.

"चांगुणाबाई, मी शांतवन साळवे. काशिनाथला टाकीत मी उतरवलं. माझी चूक होती. मला माफ करा."

तिनं मान वर केली नाही. सूप उचललं आणि आत गेली. दार लावून घेतलं. तुम्ही डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिलात, मग चपला घातल्या. एवढ्या उन्हातून चालत आलेल्या माणसाला तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

परत येताना मी तणतणत होते. "ती कधीच माफ करणार नाही."

"नाही करणार कदाचित."

"मग कशाला यायचं? एकदा मागितलीत, झालं!"

"ती काय एकदाच विधवा झाली? दरवर्षी असतेच की."

मी म्हणाले, "निदान साहेबांचं तरी सांगा तिला. तिला वाटतं, तुम्ही एकट्यानं केलं."

तिथे मात्र तुम्ही थांबलात. "रत्ना, मी माझं सांगायला येतो. त्यात साहेबांचं घातलं की ती माफी राहत नाही, तक्रार होते." आणि माझ्याकडून वचन घेतलंत की मी तिला हे कधी सांगणार नाही. मी दिलं, पण मनापासून नाही. नंतर मी तुमच्याबरोबर कधी आले नाही. तुम्ही मात्र एकही वर्ष चुकवलं नाही. अठरा वर्षं.

या श्रावणात तुमचा श्वास फारच चढायला लागला. डॉक्टरांनी आशाला बाजूला घेऊन सांगितलं. तुम्हाला न सांगताही कळलं होतं. एका दुपारी तुम्ही उशीला टेकून बसला होतात. म्हणालात, "यंदा दसऱ्याआधी मला जमणार नाही. तू जाशील?"

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवतं. मला तर रोज आठवतं. म्हणाले, "मी नाही जाणार. माझा काय संबंध?"

तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं."

चार दिवसांनी तुम्ही गेलात. तो "बरं" मी परत फिरवू शकले नाही. मी चिठ्ठी जाळली होती, आणि विचारत होते, माझा काय संबंध. तुम्ही ती गोष्ट एकदाही काढली नाहीत. त्या दुपारी काढली असतीत तर मी भांडले असते, आणि कदाचित गेलेही असते.

तुम्ही गेल्यावर मी प्रार्थना सोडली. उपासनेला जायची, उभी राहायची, बसायची, पण आतून एक शब्द उठायचा नाही. देवाला मी म्हणाले होते, हा माणूस अठरा वर्षं तुझ्या भरवशावर त्या कुंपणाबाहेर उभा राहिला. एक वर्ष तरी दार उघडायला काय हरकत होती?

आता कालची गोष्ट.

आशा सोमवारीच परत गेली. काल दुपारी बाराच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर एक बाई, पाय धुळीनं भरलेले, हातात पिशवी. केस पांढरे झालेत तिचे. पण मी लगेच ओळखलं.

"साळवेचा घर ह्योच का?" चांगुणा म्हणाली.

मी मान हलवली.

"या सालाला आला नाय तो. मी वाट बघितली. आठ दिस झालं. म्हनून सातपाटीला गेले, तो सांगायचा त्या बरफाच्या कारखान्यात. तिकडं कलला, तो गेला म्हनून." तिनं पिशवी खाली ठेवली. "एका मासलीवाल्या कोलनीनं रिक्शात बसवला, पत्ता सांगितला."

मी तिला आत घेतलं. ती खुर्चीवर बसेना, जमिनीवर भिंतीला टेकून बसली. मीही खाली बसले. तुमच्या फोटोकडे ती बघत राहिली. मला तुम्हाला दिलेलं वचन आठवलं. वाटलं, आता तरी सांगावं, की त्यांना घाई करणारा दुसराच होता. तोंड उघडलं आणि मिटलं.

तीच म्हणाली, "सायबानं घाई केली व्हती. मना म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"बरोबरचं मजूर आलं व्हतं ना मातीला. तवाच सांगितला."

अहो, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! म्हणाले, "मग बाई, अठरा वर्षं तुम्ही त्यांना दारात का घेतलं नाहीत? त्यांच्याशी एक शब्द का बोलला नाहीत?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "सायेब कंदी आला नाय. कंत्राटवाला आला नाय. ह्यो एकटा आला. मंग राग काडू कुनावर? ज्यो आला त्याच्यावर काडला." मग म्हणाली, "तो दर सालाला यायचा, म्हनून मना रागवता यायचा. आता कोनावर रागवू?"

आणि ती रडली. आवाज न करता, गुडघ्यात तोंड घालून. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि थांबले. आधी दुसरं करायचं होतं.

"चांगुणाबाई," मी म्हणाले, "तुमच्या नवऱ्याच्या परवानगीची चिठ्ठी होती. ती मी जाळली. यांनी खरं बोलू नये म्हणून. माझी चूक होती."

'मला माफ करा' हे शब्द तुम्ही दरवर्षी कसे उच्चारलेत हो? माझ्या तोंडून ते कसेबसे निघाले.

तिनं डोळे पुसले. मग विचारलं, "तवा तुजी पोर लहान व्हती?"

"पहिलीत होती."

"माज्या बी दोन व्हत्या."

याला माफी म्हणायचं का, मला माहीत नाही. तुम्ही म्हणाला असतात, ते तिचं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सकालधरना काय खाल्ला नाय."

मी उठले. भात होता, डाळ होती, दोन बोंबील तळले. दोघींची ताटं वाढून समोरासमोर बसलो. मी घास उचलला, तर ती हात मांडीवर ठेवून तशीच बसलेली.

"का हो?"

"तो जायच्या आदी डोले मिटून कायतरी म्हनायचा. मी दाराच्या फटीतून बघायची. तुमी लोकं जेवायच्या आदी नाय म्हनत?"

मी घास खाली ठेवला. डोळे मिटले. शब्द येईनात, मग एकेक यायला लागले. आधी काशिनाथचं नाव घेतलं, मग तुमचं. तिच्या मुलींचं, आशाचं. तुम्हाला जे बघायला मिळालं नाही ते मला दाखवलं, याबद्दल आभार मानले, आणि तुम्हाला का दाखवलं नाही, हेही विचारलं. शेवटी अन्नाबद्दल आभार मानून आमेन म्हटलं.

डोळे उघडले तर चांगुणाचे अजून मिटलेलेच होते. ओठ हलत होते. भात निवत होता. मी थांबले.